अंतरपाटाच्या अलीकडे एक कॅमेरा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गृहकर्ज विभागात काम केल्यामुळे तिच्या पूर्वार्धाची प्रचिती मी रोज घेत आलो आहे. उत्तरार्धाची प्रचिती स्वतःच्या लग्नात यायला हवी होती, पण तेव्हा आम्ही नवरा-नवरी पाटावर बसलेले. मांडवात काय चालले आहे, याचा पत्ता सर्वांत कमी आम्हालाच होता. लग्न म्हणजे काय असते हे मला खऱ्या अर्थाने कळले ते २०२३ च्या सुरुवातीस, मेहुणीच्या लग्नात. हातात कॅमेरा घेऊन मी दोन दिवस मांडवात उभा होतो आणि पुढचे दोन महिने तेच लग्न रात्री जागून पुन्हा पुन्हा पाहत होतो. त्या हौशी उद्योगाची ही हकीकत.

मी मूळचा सांगलीचा. बँकेतील माझी दुसरी नेमणूक चेन्नईत झाली आणि तेथेच विवाह जुळला. पत्नीचे माहेर कुंभकोणमचे. आडनावाने, कुलाचाराने आणि घरात बोलण्याच्या भाषेने ही माणसे मराठी. अंगणात कोलम, ताटात सांबार आणि ओठांवर तितकीच अस्खलित तमिळ. आजेसासूबाईंना घरात सारे ‘अज्जी’ म्हणतात. लग्नाच्या वेळी त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. हळद लावताना, वधूवरांना झोपाळ्यावर बसवताना, विहिणींची पंगत बसली असताना म्हणायची मराठी गाणी त्या घरात एकट्या त्यांनाच मुखोद्गत होती. ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

कॅमेरा माझ्या हाती कसा आला

लग्नाच्या तीन महिने आधी सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, कपाटातून एक जुनी व्हिडिओ कॅसेट काढली. ती होती माझ्या मावससासूबाईंच्या १९९४ सालच्या लग्नाची. फितीवर बुरशी चढली होती. महत्प्रयासाने ती स्वच्छ करून तिचे संगणकावर रूपांतर करून घेतले आणि सारे घर पडद्यासमोर बसले. चित्र थरथरत होते, रंग फिके झाले होते, तरी माणसे ओळखू येत होती. झोपाळ्याचा प्रसंग आला. पन्नाशीच्या अज्जी वधूशेजारी उभ्या राहून गात होत्या. त्यांचे ओठ स्पष्ट हलत होते. आवाज मात्र एका चित्रपटगीताचा येत होता! त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संकलन करताना मूळ ध्वनी काढून टाकून आरंभापासून अखेरपर्यंत गाणी भरलेली होती. मूळ फितीवर पुढे दुसरेच काही चित्रित केले गेले असावे. चित्रण करणाऱ्याचा त्यात दोष नाही. तेव्हा गिऱ्हाईक तेच मागत असे.

अज्जी बराच वेळ स्वतःच्या मुक्या ओठांकडे पाहत राहिल्या. नंतर मामा मला म्हणाले, “फोटो काढायला माणूस सांगितला आहे. तो फोटो काढू दे. व्हिडिओचे तेवढे तुम्ही बघा. चित्र कसेही येऊ दे, पण आईचा आवाज आला पाहिजे.”

कार्यालयीन भाषेत सांगायचे तर कामाची व्याप्ती इतक्या स्पष्टपणे मला क्वचितच कोणी लिहून दिली असेल.

कावेरीकाठचे मराठीपण

लग्न तिरुक्करुगावूरला व्हायचे होते. कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, तंजावर जिल्ह्यात, वेट्टारू नदीच्या काठी वसलेले हे गाव गर्भरक्षांबिकेच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. शिवाचे येथील नाव मुल्लैवननाथ, म्हणजे जुईच्या वनाचा स्वामी. हे लिंग वारुळाच्या मातीचे असल्याची श्रद्धा असल्याने त्यावर जलाभिषेक होत नाही. गर्भवती स्त्रिया सुखरूप प्रसूतीसाठी येथून एरंडेल तेलाचा प्रसाद नेतात, तर अपत्यप्राप्तीची इच्छा असणारी दांपत्ये तुपाचा. लग्न जुळावे म्हणूनही देवीच्या उंबऱ्याला तूप लावून त्यावर रांगोळी रेखण्याची प्रथा आहे. मेहुणीसाठी घरच्यांनी हाच नवस केला होता आणि म्हणूनच देवळाजवळच्या मंगल कार्यालयाची निवड झाली होती.

या भूमीत मराठी माणूस आला त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. छत्रपती शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ मध्ये अखेरच्या राजाच्या निधनाने ती संपली. त्या राज्याने मागे काय ठेवले? तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि शहाजीराजांची मराठी नाटके. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील अगदी आरंभीच्या नाटकांत गणले जाते. ‘कल्याण’ म्हणजे तिकडच्या बोलीत विवाह! दगडावरचे मराठी टिकले, ताडपत्रांवरचे आणि कागदांवरचे टिकले. घराघरांतले बोलण्यातले मराठी मात्र प्रत्येक पिढीत थोडे थोडे झिरपून जाते. त्याला ना शिलालेख, ना ग्रंथालय. अज्जींच्या गाण्यांकडे मी या नजरेने पाहू लागलो, तेव्हा हौसेचे काम एकदम जोखमीचे वाटू लागले.

हातात कॅमेरा घेऊन आपल्या भोवतालचे टिपण्याची हौस मराठी माणसाला नवीन नाही, हे आठवून मी धीर धरला. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये कुस्तीचा सामना टिपला आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले तेव्हाचे त्यांचे स्वागत चित्रित केले. त्यांना शिकवायला तरी कोण होते?

रोखपालाची तयारी

रोखपाल सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी आदल्या दिवशीची शिल्लक मोजून घेतो. तशीच शिस्त मी लावून घेतली. साहित्य मोजकेच होते : जुना, दुसऱ्याकडून घेतलेला एक कॅमेरा, तिपाई, हातात मावेल एवढा ध्वनिमुद्रक, कपड्याला लावायचा छोटा माईक, दोन मेमरी कार्डे आणि माझा जुना मोबाइल. माझ्या कॅमेऱ्यात एका तासाच्या चित्रणाला सुमारे २२ जीबी जागा लागत असे. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास. त्यावरून कार्ड केव्हा बदलायचे याचे वेळापत्रक आखले. वाध्यारांकडून, म्हणजे पुरोहितांकडून, विधींचा क्रम लिहून घेतला आणि प्रत्येक विधीसमोर ‘कोण कोठे बसणार, कोण काय म्हणणार’ असे दोन रकाने पाडले. व्यावसायिक चित्रणकाराकडे माझ्यापेक्षा उत्तम यंत्रे असतात, हात सरावलेला असतो. पण वधूच्या कोणत्या आत्याने तिला लहानपणी सांभाळले, हे त्याला ठाऊक नसते. हौशी माणसाचे भांडवल एवढेच, आणि ते लहान नाही.

आदल्या संध्याकाळी कार्यालयात जाऊन चाचणी घेतली. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकू लागले. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला की ते लुकलुकणे थांबते. ध्वनीची पातळी मात्र मी अज्जींच्या आवाजावर न बेतता नादस्वरमवर बेतली. हळू आवाज नंतर थोडाफार वाढवता येतो. फाटलेला आवाज कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. ध्वनिमुद्रक मांडवाच्या खांबाला बांधला आणि जुना मोबाइल एका खुर्चीच्या पाठीला बांधून त्याचे तोंड वधूवरांकडे नव्हे, तर बायकांच्या बैठकीकडे केले. अज्जी तेथे बसणार होत्या.

त्या संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने राज्यातील मंदिरांत मोबाइल नेण्यास बंदी घालण्याचा आदेश दिला होता. कॅमेरा आणि फोन बाहेर ठेवून आत गेलो. नवस फेडताना मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आले. ते कोणत्याही कार्डावर नाही, पण मला जसेच्या तसे आठवते. काही दृश्ये अशी बाहेरच ठेवावीत, हेही त्या उंबऱ्यावर शिकलो.

तो लाल ठिपका

लग्नाचा दिवस उजाडला. काशीयात्रेला निघालेल्या नवरदेवाने छत्री आणि काठी घेतली, मामांनी त्याची मनधरणी करून त्याला परत आणले, आणि छत्री उघडेना म्हणून उडालेली सगळ्यांची धांदल माझ्या कॅमेऱ्यात छान उतरली. पुढे झोपाळा. वधूवरांच्या पायांना दूध लावले गेले, रंगीत भाताचे मुटके ओवाळून चारी दिशांना टाकले गेले आणि अज्जी गाऊ लागल्या. आवाज थोडा कापरा, पण सूर पक्का. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरायचे आणि झूमच्या मोहात पडायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळला. गाणे सुरू असताना तर मी कॅमेरा हलवलाच नाही. चार गाणी आली. माझी निम्मी चिंता मिटली.

मग मुहूर्त आला. तिपाई ठरल्या जागी उभी होती, कॅमेरा सुरू होता. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके चालू झाली. आणि त्या क्षणी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली : ‘आपण बटण दाबले ना?’ पडद्याकडे नीट न पाहता मी घाईने बटण दाबले.

कॅमेरा सुरूच होता. माझ्या दाबण्याने तो बंद झाला.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मंगळसूत्र बांधले गेले, नादस्वरम आणि तविलचा एकच कल्लोळ उठला. तिकडे त्याला ‘केट्टिमेळम’ म्हणतात. त्या क्षणी कोणताही अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून वाद्ये टिपेला नेतात. मी समाधानाने कॅमेऱ्यामागे उभा होतो. पुढे सप्तपदीची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा नजर पडद्यावर गेली. लाल ठिपका नव्हता. अकरा मिनिटे गेली होती. ज्या अकरा मिनिटांसाठी एवढा सारा खटाटोप, नेमकी तीच!

रोखीत तूट आली की रोखपालाच्या पोटात जो खड्डा पडतो, तो मला ठाऊक होता. ती तूट निदान भरून देता येते. मी कोणाला काही बोललो नाही. सप्तपदी, विहिणींची पंगत, पाठवणी, सारे चित्रित केले आणि रात्री पत्नीला सांगितले. ती एवढेच म्हणाली, “आधी सगळे कॉपी करून घ्या. मग बघू.”

संकलन : जमा आणि नावे

घरी आल्यावर सर्व चित्रण दोन ठिकाणी उतरवून घेतले. सुमारे ५ तास ४० मिनिटांचा ऐवज होता. हिशेबाच्या वहीत घेतात तशी प्रत्येक तुकड्याची नोंद केली : क्रमांक, वेळ, प्रसंग, ध्वनी कसा, शेरा. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच बहुतेक हौशी चित्रणे कार्डातच पडून राहतात. पण वही पूर्ण झाली तेव्हा निम्मे संकलन आपोआप झाले होते, कारण कशाजवळ काय आहे हे डोक्यात पक्के बसले होते. संकलनासाठी ‘दाविंची रिझॉल्व्ह’ या आज्ञावलीची विनामूल्य आवृत्ती वापरली. कॅमेरा, मोबाइल आणि ध्वनिमुद्रक यांची घड्याळे तंतोतंत एक नसतात. तासाभराच्या मुद्रणात काही चौकटींचा फरक पडतो. सुरुवातीला वाजवलेल्या एका टाळीवर तिन्ही जुळवून घेतली आणि पुढे ठिकठिकाणी पुन्हा तपासली. आम्ही याला ‘ताळमेळ’ म्हणतो. शब्द दोन्ही धंद्यांत चालतो.

ताळमेळ घेताना लक्षात आले की खांबावरचा ध्वनिमुद्रक त्या अकरा मिनिटांत अखंड चालू होता. मंगलाष्टके, ‘सावधान’, केट्टिमेळम, सारे स्वच्छ. मग जुन्या मोबाइलमधील चित्र उघडले. चौकटीच्या मधोमध अज्जी. त्या मंगलाष्टके पुटपुटत होत्या. अंतरपाट दूर झाला तो क्षण त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. भुवया वर गेल्या, हात अक्षतांसाठी उचलला गेला, पण सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या तरी त्यांच्या मुठीतल्या तशाच होत्या. त्या एकटक पाहत होत्या. मग वाद्यांचा कल्लोळ उतरू लागला तेव्हा त्यांनी मूठ उघडली.

वॉल्टर मर्च नावाचे एक नामवंत अमेरिकन चित्रपट-संकलक आहेत. ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या १९९५ च्या पुस्तकात त्यांनी दोन दृश्यांच्या जोडणीचे निकष चक्क टक्केवारीत मांडले आहेत : भावना ५१, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर ७ आणि चौकटीतील व अवकाशातील सातत्य अनुक्रमे ५ व ४. सवयीने मी बेरीज करून पाहिली. बरोबर शंभर भरते. मर्च यांचे म्हणणे असे की काही सोडावेच लागले तर खालून वर सोडत यावे, भावना शेवटपर्यंत सोडू नये. अज्जींचा चेहरा आणि मंडपाचा ध्वनी यांत भावना होती, कथा होती, लयही होती. मी तेच ठेवले. केट्टिमेळम ओसरल्यावर छायाचित्रकाराने टिपलेले मंगळसूत्राचे एकच स्थिर छायाचित्र चार सेकंद दाखवले आणि पुढे गेलो.

५ तास ४० मिनिटांतून अखेरीस ३८ मिनिटे उरली. काय ठेवले यापेक्षा काय गाळले याचा विचार अधिक करावा लागला. पंगतीत बसण्यावरून झालेली कुरबुर, एका काकांचा घोरतानाचा प्रसंग, पाठवणीच्या वेळी एका स्त्रीचे आवरता न आलेले रडणे, हे सारे चित्रणात होते. हसण्यासाठी किंवा परिणामासाठी ते वापरण्याचा मोह झाला. पण ग्राहकाच्या खात्याची माहिती आपण जशी बाहेर बोलत नाही, तसाच हाही विश्वासाचा ऐवज आहे, असे वाटले. चित्रपटगीत एकही घातले नाही. अज्जींची चारही गाणी आरंभापासून अखेरपर्यंत ठेवली.

दाखवण्याचा दिवस

चित्रफीत घेऊन आम्ही कुंभकोणमला गेलो. मेहुणी आणि तिचे यजमानही आले होते. दाखवण्यापूर्वी मी माझी चूक सर्वांसमोर सांगितली. मेहुणीचा चेहरा उतरला, आणि का उतरू नये? मुहूर्ताचा प्रसंग आला. खोलीत कोणी बोलेना. अज्जींची मूठ पडद्यावर उघडली तेव्हा मेहुणी उठली आणि जाऊन त्यांच्या खुर्चीजवळ बसली. “भावोजी,” ती म्हणाली, “मी तेव्हा मान खाली घालून होते. अज्जी काय करत होती ते मला कधीच दिसले नसते.” ती मला बरे वाटावे म्हणून असे म्हणाली की काय, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. चूक ती चूकच. तिचे नशीब चांगले निघाले इतकेच.

अज्जींचे लक्ष मात्र मुहूर्तावर नव्हते. झोपाळ्याचे तिसरे गाणे पुन्हा लावायला सांगून त्यांनी ते कान देऊन ऐकले. “येथे एक कडवे राहिले,” त्या म्हणाल्या आणि तेथेच, चष्मा पुसत, राहिलेले कडवे म्हणू लागल्या. पत्नीने न सांगता माझ्या हाती ध्वनिमुद्रक दिला. त्या दोन दिवसांत अज्जींनी आठवून आठवून आणखी नऊ गाणी म्हटली. या वेळी लाल ठिपका मी तीन वेळा पाहिला.

त्यानंतरच्या पावसाळ्यापासून अज्जींची स्मरणशक्ती ओसरू लागली. आता त्या एखादी ओळ म्हणतात आणि थांबतात. मग पत्नी मोबाइलवर त्यांचाच आवाज लावते आणि त्या पुढची ओळ त्याच्यासोबत म्हणतात.

ठेव जपण्याविषयी थोडे

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा कॅसेटी असतील. व्हिडिओ कॅसेटचे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे दिवसेंदिवस कमी होत जाणार. तेव्हा रूपांतर करायचे असेल तर आजच करावे. नवीन चित्रणाच्याही निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. आमची तिसरी प्रत लॉकरमध्ये आहे. वर्षातून एकदा लॉकर उघडताना ती हार्ड डिस्क घरी आणून चालवून पाहतो, कारण नुसती जपून ठेवलेली डिस्कही कालांतराने दगा देते. मूळ चित्रण पुसू नये. १९९४ ची गाणी हरवली ती त्यामुळेच.

आणि पुढच्या लग्नात हातात मोबाइल घेऊन उभे राहाल तेव्हा दोन मिनिटे तरी त्याचे तोंड नवरा-नवरीकडून वळवून बायकांच्या बैठकीकडे करा. नवरा-नवरीला टिपायला शंभर माणसे असतात. मागच्या रांगेत बसून ओठांतल्या ओठांत गाणाऱ्या आजीकडे बहुधा कोणीच वळत नाही.